चोवीस तास टिकेल का?

कॉलेजच्या पार्किंगमधला हा सीन तुम्ही पाहिला असणारच. नवीकोरी स्पोर्ट्स बाईक, ती न्यूट्रलला टाकून रेस करणारा तिचा मालक, लाल पट्ट्यात जाऊन थरथरणारा आरपीएमचा काटा आणि भोवती पाच-सात जणांचं कोंडाळं. त्यातला एक हमखास सांगतो की अशानं इंजिन बसेल. दुसरा लगेच म्हणतो, काही होत नाही, कंपनीनं लाल रेघ दिलीये म्हणजे तिथपर्यंत न्यायलाच दिलीये. मग चहा संपेपर्यंत वाद चालतो आणि उद्या पुन्हा तोच.

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण या वादाच्या मुळाशी जाताना एक माणूस भेटला. त्याचं नाव तुम्ही ऐकलंय, निदान त्याच्या गाडीचं तरी. पंख पसरलेला ‘बी’ बॉनेटवर मिरवणारी, बघूनच जिची किंमत विचारायची हिंमत होत नाही ती बेंटली. त्या नावामागचा माणूस म्हणजे वॉल्टर ओवेन बेंटली. ओळखीचे सगळे त्याला डब्ल्यू. ओ. म्हणायचे. गाडी किती जोरात पळते हे तर सगळेच विचारत होते. तो त्यापुढचं विचारायचा, की त्या वेगानं ती किती वेळ पळेल? या एका प्रश्नानं त्याला नाव दिलं, आणि त्याचं उत्तर बरोबर असूनही कंपनी मात्र हातातून गेली.

कोळसा, टॅक्सी आणि पेपरवेट

जन्म १६ सप्टेंबर १८८८, लंडनच्या हॅम्पस्टेड भागात. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. घर खाऊनपिऊन सुखी, पण पोराचं सगळं लक्ष रेल्वेच्या इंजिनांत. आपल्याकडे अकरावीचे फॉर्म भरायच्या वयात, म्हणजे सोळाव्या वर्षी, त्यानं शाळा सोडली आणि डॉनकास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून दाखल झाला. पाच वर्षांची उमेदवारी होती. आधी कारखान्यातली कामं, मग थेट धावत्या इंजिनावर फायरमन. लंडनहून लीड्सला जाऊन परत यायचं, म्हणजे एका दिवसात जवळपास ४०० मैल. तेवढ्यात सुमारे सात टन कोळसा फावड्यानं भट्टीत टाकायचा. ‘इंटर्नशिपमध्ये खूप राबवून घेतात’ असं मी गेला महिनाभर म्हणत होते, ते हे वाचल्यावर बंद केलं.

रेल्वेचं इंजिन एक दिवस जोरात पळून चालत नाही. ते रोज, वर्षानुवर्षं पळावं लागतं. ही सवय त्याच्या डोक्यात तिथेच बसली असावी.

वयाला शोभेलसा वेडेपणाही त्यानं केला. मोटरसायकली घेतल्या. १९०९ आणि १९१० मध्ये आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत उतरला. दोन्ही वेळा शर्यत पूर्ण झाली नाही. मग लंडनच्या एका कॅब कंपनीत २५० टॅक्सींच्या देखभालीचं काम पाहिलं. टॅक्सी म्हणजे इंजिनाचा रोजचा पेपर. दिवसभर थांबणं, निघणं, तापणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

१९१२ मध्ये भावाबरोबर त्यानं डीएफपी या फ्रेंच गाड्या लंडनमध्ये विकायला घेतल्या. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या त्यांच्या कारखान्यात गेला असताना टेबलावर एक पेपरवेट दिसलं. छोट्या पिस्टनच्या आकाराचं, ॲल्युमिनियमचं. शोभेची वस्तू होती. पण डब्ल्यू. ओ.च्या मनात आलं, हे खरोखरच इंजिनात घातलं तर?

त्या काळी मोटारींचे पिस्टन लोखंडी असायचे. ॲल्युमिनियम मऊ, लवकर वितळणारं, ते सिलिंडरच्या आगीत कसं टिकणार अशी भीती होती. त्यानं ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं असा मिश्रधातू वापरून पिस्टन बनवून घेतले, डीएफपीमध्ये बसवले आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर १९१३ आणि १९१४ मध्ये विक्रम केले.

पिस्टनच्या जागी स्वतःला ठेवून बघा

आता दोन मिनिटं गोष्ट थांबवू, कारण पार्किंगमधल्या वादाचं अर्धं उत्तर या पेपरवेटमध्ये आहे.

पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली करतो. इंजिनाच्या एका फेरीत तो एकदा वर जाऊन थांबतो, एकदा खाली येऊन थांबतो. काटा ३,५०० आरपीएमवर असेल तर हे थांबणं मिनिटाला ७,००० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. गच्च भरलेल्या बसमध्ये ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की तुमचं काय होतं, आठवा. तेच पिस्टनचं होतं, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कनेक्टिंग रॉडला प्रत्येक वेळी तो ओढा सोसावा लागतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा तर वरून दाबणारा स्फोटही नसतो. पिस्टन पुढे निघू पाहतो आणि रॉड ताणला जातो.

खरी गंमत पुढे आहे. हा ताण आरपीएमच्या प्रमाणात वाढत नाही, तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आरपीएम दुप्पट केले तर ताण चौपट. ३,५०० वरून ४,२०० म्हणजे फक्त २० टक्के वाढ वाटते, पण ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून हलका पिस्टन ही फॅशन नव्हती, रॉडच्या आणि बेअरिंगच्या आयुष्याचा प्रश्न होता. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी लवकर उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पिस्टनचा माथा कमी तापतो.

आता त्यात ‘सतत’ हा शब्द घाला. ओव्हरटेक करताना दहा सेकंद काटा वर गेला, तर तापलेल्या भागांना नंतर निवायला वेळ मिळतो. तासन्‌तास वरच ठेवला तर मिळत नाही. ऑइल तापून पातळ होतं, बेअरिंगमधला त्याचा पापुद्रा क्षीण होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकतात. आणि धातूचंही आपल्यासारखंच आहे. एका फटक्यात न तुटणारी वस्तू लाखो वेळा थोडी थोडी ताणली की तिला बारीक चीर पडते. ३,५०० आरपीएमवर चोवीस तास म्हणजे ५० लाख फेऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकाशात गॅरेज नसतं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. डब्ल्यू. ओ. नौदलाच्या हवाई दलात गेला आणि आपलं पिस्टनचं गुपित घेऊन इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांकडे फिरला. रोल्स-रॉइससुद्धा त्यात होती. धंद्याच्या दृष्टीनं हे गुपित जपायला हवं होतं. पण रस्त्यात इंजिन बंद पडलं तर आपण गाडी कडेला घेतो, हवेत बंद पडलं तर पायलट काय करणार?

मग त्याला क्लर्जे नावाच्या विमान इंजिनावर काम मिळालं. हे रोटरी इंजिन, म्हणजे प्रोपेलरबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्याचे सिलिंडर तापून वाकडे व्हायचे आणि ऐन लढाईत इंजिन दगा द्यायचं. डब्ल्यू. ओ.नं ॲल्युमिनियमचे सिलिंडर, आत लोखंडी लायनर आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन असं नवं इंजिन काढलं. बीआर-१, म्हणजे बेंटली रोटरी. सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानांत ते बसलं. किती पोरं त्यामुळे जिवंत परत आली याची मोजदाद नाही, पण एवढं नक्की की ‘टिकाऊपणा’ हा शब्द तो गुळगुळीत जाहिरातीसाठी वापरत नव्हता.

युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये त्याची पहिली बायको लिओनी स्पॅनिश फ्लूच्या साथीत गेली. लग्नाला उणीपुरी पाच वर्षं झाली होती. त्याच वर्षी त्यानं बेंटली मोटर्स सुरू केली.

बायसिकलवरून आणलेलं पेट्रोल

पहिली गाडी ३ लिटरची. १९२१ मध्ये ती ग्राहकाच्या हातात पडली. चार सिलिंडर, बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल १४९. पिस्टनला लांबलचक पल्ला, त्यामुळे कमी आरपीएमलाही भरपूर ओढ. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, जे आज तुमच्या-आमच्या गाडीत असतात आणि तेव्हा अपूर्वाईचे होते. आणि पाच वर्षांची गॅरंटी! शंभर वर्षांपूर्वी, तेही स्पोर्ट्स गाडीला.

१९२३ मध्ये फ्रान्सच्या ल मान्समध्ये एक नवी शर्यत जाहीर झाली, सलग चोवीस तासांची. जॉन डफ नावाच्या ग्राहकानं आपली ३ लिटर त्यात उतरवायची ठरवली. डब्ल्यू. ओ.ला हा वेडेपणा वाटला. कुठलीच गाडी टिकणार नाही असं त्याचं मत होतं. तरी अगदी शेवटच्या घटकेला तो बघायला गेला. शर्यतीत दगड लागून पेट्रोलची टाकी फुटली, गाडी ट्रॅकवरच थांबली. तेव्हा दुसरा ड्रायव्हर फ्रँक क्लेमंट सायकलवरून पेट्रोल घेऊन तिच्यापर्यंत गेला, टाकीचं भोक बुजवलं आणि गाडी पुन्हा पळवली. नंबर आला चौथा. डब्ल्यू. ओ. तिथून परतला तो ल मान्सच्या प्रेमात पडूनच. त्याच्या आयुष्यभराच्या प्रश्नाची परीक्षा घेणारी शर्यत त्याला सापडली होती.

१९२४ मध्ये डफ आणि क्लेमंट जिंकले. १९२७ मध्ये तिन्ही बेंटली एकाच अपघातात सापडल्या, त्यातली एक वाकड्या चेसिसनिशी चालत राहिली आणि जिंकली. १९२८ मध्ये वूल्फ बार्नाटोच्या गाडीची चेसिस तडकली, रेडिएटरचं पाणी गेलं. त्यानं शेवटचा टप्पा इंजिनाला गोंजारत पार केला आणि तरीही पहिला आला. १९२९ मध्ये तर पहिले चारही नंबर बेंटलीचे.

डब्ल्यू. ओ.चं सूत्र सोपं होतं. जास्त ताकद हवी? इंजिन मोठं करा. ३ लिटरचं साडेचार करा, साडेसहा करा. छोट्या इंजिनाला जास्त पिळू नका. साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’ ३,५०० आरपीएमच्या आसपास आरामात २०० हॉर्सपॉवर द्यायची.

जादाची हवा

हे सूत्र सगळ्यांना पटत नव्हतं. टिम बर्किन हा टीमचा सगळ्यात बेधडक ड्रायव्हर. त्याचं म्हणणं, गाडी जड करत बसण्यापेक्षा साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावा. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं जास्त हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा स्फोट. साध्या रेसिंग साडेचार लिटरची ताकद १३० हॉर्सपॉवर होती, ती या जुगाडानं ४,२०० आरपीएमला २४० झाली.

डब्ल्यू. ओ.नं साफ नकार दिला. या इंजिनाची रचनाच त्यासाठी नाही, हे करणं म्हणजे त्याची वाट लावणं, असं त्याचं ठाम मत होतं. पण तोवर कंपनीत त्याचा शब्द शेवटचा राहिला नव्हता. पैसे कायम कमी पडायचे, त्यामुळे १९२६ मध्ये हिऱ्यांच्या खाणींच्या पैशाचा वारस असलेल्या बार्नाटोनं पैसा ओतला आणि तो चेअरमन झाला. बर्किन त्याचा मित्र. बार्नाटोनं होकार दिला. डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीनं खर्च उचलला. नियमाप्रमाणे शर्यतीत उतरायला ५० गाड्या बनवाव्या लागणार होत्या, त्याही बनल्या. या गाडीला ‘ब्लोअर बेंटली’ म्हणतात आणि आज पोस्टरवर जी दिसते ती बहुतेक वेळा हीच असते. जिला तिच्या जनकानं नाकारलं, तीच सगळ्यात प्रसिद्ध झाली.

जून १९३०, ल मान्स. समोर जर्मनीचा रुडॉल्फ काराचिओला, सात लिटरची मर्सिडीज घेऊन. तिलाही सुपरचार्जर होता, पण एक फरक होता. मर्सिडीजचा सुपरचार्जर कायम चालू नसायचा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच तो जोडला जायचा आणि तोही थोड्या वेळासाठीच वापरायचा. म्हणजे जर्मन इंजिनिअरांनाही ठाऊक होतं की ही ताकद उधारीची आहे, लांबवली तर व्याज चढतं. ब्लोअर बेंटलीचा सुपरचार्जर मात्र थेट क्रँकशाफ्टवर, कायम फिरता.

बर्किननं सुरुवातीलाच पाठलाग मांडला. म्युल्सानच्या सरळसोट रस्त्यावर त्यानं एक चाक गवतात घालून, टायरचं रबर उडत असताना काराचिओलाला मागे टाकलं. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला असेल. हे म्युल्सान म्हणजे इंजिनाची खरी कसोटी. वळण आलं की ड्रायव्हर पाय उचलतो, इंजिनाला श्वास घ्यायला मिळतो. इथे काही किलोमीटर वळणच नाही. पाय तळाशी, काटा वर, आणि हे प्रत्येक फेरीत, रात्रभर.

रात्रीच मर्सिडीज बाद झाली. पण शर्यत संपण्याआधी दोन्ही ब्लोअर बेंटलींच्या इंजिनांनीही जीव टाकला. जिंकली कोण? बार्नाटो आणि किडस्टनची स्पीड सिक्स, साधी, सुपरचार्जर नसलेली. दुसरा नंबरही स्पीड सिक्सचाच. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या ५० लाख फेऱ्या आठवल्या? हिशेब तिथे चुकता झाला.

ब्लोअरवर अन्याय नको. त्याच वर्षी बर्किन पोच्या फ्रेंच ग्रांप्रीत तीच गाडी घेऊन दुसरा आला. कमी वेळात तिचा जोर अफाट होता. ल मान्सनं फक्त वेळ वाढवून विचारला.

बरोबर ठरला, तरी हरला

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं ना? पण त्या विजयानंतर बेंटलीनं शर्यती थांबवल्या. १९२९ च्या मंदीनंतर महागड्या गाड्या घेणार कोण? १९३० मध्ये आठ लिटरची भव्य गाडी आणली, त्या फक्त १०० बनल्या. १९३१ मध्ये कंपनी कर्जात बुडाली. नेपियर ही कंपनी ती घेणार असं जवळपास ठरलं होतं, डब्ल्यू. ओ. त्यांच्यासाठी नवी गाडी आखायलाही लागला होता. ऐन वेळी एका अनोळखी ट्रस्टनं जास्त बोली लावून कंपनी उचलली. काही दिवसांनी कळलं की त्या ट्रस्टच्या मागे होती रोल्स-रॉइस. तीच, जिला युद्धात त्यानं पिस्टनचं गुपित दिलं होतं.

गाडीवरचं नाव त्याचं, पण ते नाव आता त्याच्या मालकीचं नाही. तो तिथे नोकर म्हणून राहिला, करार संपेपर्यंत.

१९३५ मध्ये तो लॅगोंडा कंपनीत गेला, आणि तिथे त्यानं जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडलं. कमी आरपीएमचा पुरस्कर्ता म्हणून ज्याला सगळे ओळखत, त्यानं भराभर फिरणारं व्ही-१२ इंजिन बनवलं. ५,५०० आरपीएमला १८० हॉर्सपॉवर. मग काय, मत बदललं?

नाही. गणित करून बघा, मी केलंय. या व्ही-१२ चा स्ट्रोक फक्त ८४.५ मिलिमीटर. ५,५०० आरपीएमला त्याचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेपंधरा मीटर पळतो. जुन्या ३ लिटरचा पिस्टन ३,५०० ला साडेसतरा मीटर पळायचा. आणि ४,२०० वर पिळलेल्या ब्लोअरचा? साडेएकोणीसच्या वर. काट्यावरचा आकडा सगळ्यात मोठा व्ही-१२ चा, पण पिस्टनची दमछाक सगळ्यात कमी त्याचीच. छोटे, हलके पिस्टन, आखूड पल्ला. त्याचा विरोध आरपीएमला नव्हताच. जे इंजिन ज्यासाठी बनलं नाही ते त्याच्याकडून तासन्‌तास करून घेण्याला होता.

१९३९ मध्ये ही व्ही-१२ घाईघाईत तयार करून ल मान्सला नेली, तेव्हाही त्यानं ड्रायव्हरना वेगाची मर्यादा आखून दिली. आधी पूर्ण करा, मग बघू. नंबर आले तिसरा आणि चौथा. पुढे त्याच्या देखरेखीखाली बनलेलं सहा सिलिंडरचं इंजिन ॲस्टन मार्टिनच्या डीबी-२ मध्ये बसलं. १३ ऑगस्ट १९७१ रोजी डब्ल्यू. ओ. गेला.

मग पार्किंगमधला वाद?

दोघंही थोडे थोडे बरोबर. लाल रेघेपर्यंत जाण्यासाठी तुमचं इंजिन बनलेलं असतं, हे खरं. आजचे धातू आणि ऑइल त्या काळापेक्षा कितीतरी सरस आहेत. पण तिथे जाणं वेगळं आणि तिथेच मुक्काम ठोकणं वेगळं. सकाळी सकाळी थंड इंजिन पिळू नका, ऑइल सगळीकडे नीट पोचून गरम व्हायला वेळ द्या. सतत वरच्या आरपीएमला चालवत असाल तर ऑइल लवकर बदला. रेव्ह लिमिटरवर फार विसंबू नका. तो थ्रॉटलनं वर जाणारा काटा अडवतो, पण जोरात असताना चुकून दोन गिअर खाली टाकलेत तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे तो काही करू शकत नाही. आणि न्यूट्रलला उभ्या उभ्या रेस देऊन नक्की काय मिळतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

१९२० च्या दशकातल्या डब्ल्यू. ओ.च्या गाड्या आजही इंग्लंडमध्ये रस्त्यावर धावतात, जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरतात. पाच वर्षांची गॅरंटी कधीच संपली. शंभरी आली, तरी इंजिन सुरू होतं.